वक्त्याचा पूर्वपक्ष : प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. विषय नेहमीचाच, ‘मोबाईल : शाप की वरदान’. अकरा मुलं बोलली. त्यांतल्या तिघांनी यंत्र आणि माणूस यांच्याबद्दलचं एकच चटकदार वाक्य वापरलं, शब्दाचाही फरक नाही. पहिल्याने ते आइन्स्टाइनच्या नावावर टाकलं, दुसरीने स्वामी विवेकानंदांच्या आणि तिसऱ्याने अब्दुल कलामांच्या. तिन्ही वेळा टाळी पडली. मीही वाजवली असेन. मग गुणपत्रक भरायला घेतलं. रकाने होते आशय, मांडणी, भाषा व उच्चार, हावभाव आणि एकूण प्रभाव. तिघांपैकी निदान दोघं चुकीचं बोलत होते हे कळायला ग्रंथालयात जायची गरज नव्हती. पण त्याबद्दल गुण कापायचे तर कोणत्या रकान्यातून, हे मला ठरवता येईना. शेजारी बसलेल्या सहपरीक्षक बाई म्हणाल्या, “पाठांतर मात्र चोख होतं हो तिघांचं.” आम्ही बेरजा केल्या. विवेकानंदवालीचा पहिला नंबर आला.

हे पुस्तक त्या न सापडलेल्या रकान्याबद्दल आहे.

मुलांना मी दोष देत नाही. त्यांना विषयच दोन दारांचा मिळतो. शाप की वरदान. माझ्या शाळेत विज्ञान होतं, पुढे दूरदर्शन आलं, मग संगणक, मग मोबाईल, आता कृत्रिम बुद्धिमत्ता. यंत्रं बदलली, पण शाप आणि वरदान जागचे हलले नाहीत. टाळेबंदीत तीन भावंडांत एकच फोन असलेल्या घरी थोरलीची शाळा त्या फोनवर भरत होती आणि धाकट्याची त्याच फोनअभावी बुडत होती. त्या घरात मोबाईल शाप होता की वरदान? असा प्रश्न भाषणात आणायचा तर ‘कोणाला’, ‘केव्हा’, ‘कशाच्या तुलनेत’ असे शब्द वापरावे लागतात. त्या शब्दांवर हात उंचावता येत नाही. शिवाय “अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो” म्हणेपर्यंत पहिलं मिनिट संपायला आलेलं असतं, आणि पहिली घंटा ही प्रत्येक स्पर्धकाच्या छातीतच बसवलेली असते. अशा वेळी शंका कोण काढत बसणार?

मी स्वतः याच कारखान्यातून बाहेर पडलो आहे. कॉलेजात असताना वादविवादाच्या ढाली जिंकल्या होत्या, आवाज बरा होता, थांबायचं कुठे ते ठाऊक होतं. त्या भांडवलावर एका तालुक्याच्या गावी शेतीवर बोलायला गेलो. वय तेवीस. भाषणात म्हणालो, “या भागातला पाऊस दिवसेंदिवस कमी होत चालला आहे.” हे वाक्य मी तीनदा म्हटलं, कारण तिसऱ्या वेळी त्याला चांगली लय सापडली होती. भाषण संपल्यावर मागच्या बाजूने एक गृहस्थ उठले. धोतर, टोपी, हातात पिशवी. म्हणाले, “साहेब, पाऊस कमी झाला म्हंजी मिलिमीटर कमी झालं का दिस कमी झालं?”

मला प्रश्नच कळला नाही. मी हसून काहीतरी बोललो. ते तसेच उभे. मग त्यांनीच सांगितलं, की ते पंधरा वर्षं वहीत पाऊस मांडतात. पाऊस वर्षाकाठी जवळपास तेवढाच पडतो, पण पूर्वी जो महिनाभर रिमझिम पडायचा तो आता चार दिवसांत कोसळून जातो आणि माती घेऊन जातो. “कमी झाला म्हणलं तर बांध घालायचं नाय सुचत मान्साला. आभाळाकडं बघत बसतो.” त्यांची वही खरी की माझं वाक्य खरं, हे ठरवायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. मी ते वाक्य कुठून उचललं होतं हेही मला आठवेना. आयोजकांनी घाईघाईने आभारप्रदर्शन उरकलं आणि मला चहाला नेलं. चहा चांगला होता.

त्या गृहस्थांनी केली ती चिकित्सा. आपल्या भाषेत हा शब्द मोठ्या गमतीचा आहे. वैद्याने केली तर चिकित्सा म्हणजे उपचार, आणि सुनेने भाजी निवडताना केली तर ‘फार चिकित्सक आहे बाई’. एका अर्थाला मान, दुसऱ्याला नापसंती. सभेत प्रश्न विचारणाऱ्याच्या वाट्याला दुसरा अर्थ येतो. ‘शंकेखोर’, ‘फाटे फोडणारा’, ‘नाट लावणारा’ हे शब्द आपल्याकडे किती सहज तयार आहेत पाहा. वैद्याच्या चिकित्सेशी मात्र याचं जवळचं नातं आहे. आधी नाडी, मग औषध. भाषणात आपण बहुधा औषधापासून सुरुवात करतो.

आपल्या परंपरेत याची शिस्त नव्हती असं नाही. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःची बाजू काहीच न मांडता समोरच्याची फक्त मोडून काढायची, ती वितंडा. या मोजपट्टीने पाहिलं तर आपल्या ‘वादविवाद’ स्पर्धा बहुतांशी जल्पाच्या असतात, कारण बाजू चिठ्ठी टाकून मिळते आणि ढाल जिंकणाऱ्याला मिळते. दूरचित्रवाणीवर रात्री नऊला काय चालतं ते वाचकाने स्वतः ठरवावं. नैयायिकांनी ‘छल’ नावाची खोडीही नोंदवून ठेवली आहे. तिचं ठरलेलं उदाहरण मला फार आवडतं. एकजण म्हणतो, हा मनुष्य ‘नवकंबल’ आहे, म्हणजे याची घोंगडी नवी आहे. दुसरा उठून म्हणतो, छे, याच्याकडे नऊ घोंगड्या कुठे आहेत? एकच तर दिसते. संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवीन आणि नऊही. समोरच्याच्या शब्दाचा त्याने न घेतलेला अर्थ घ्यायचा आणि मग त्या अर्थाला झोडपायचं. विधिमंडळापासून सोसायटीच्या वार्षिक सभेपर्यंत ही घोंगडी अजून झिजलेली नाही.

पण मला सर्वांत उपयोगी वाटली ती अनुमानाची पाच अंगं. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर विस्तव आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतो, हा हेतू. जिथे धूर तिथे विस्तव, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. इथेही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून विस्तव आहे, हे निगमन. कार्यशाळांत मी मुलांना त्यांचंच भाषण देऊन त्यावर ही पाच अंगं रंगीत पेन्सिलीने दाखवायला सांगतो. प्रतिज्ञा भरपूर सापडतात. उदाहरणं तर उतू जातात: शिवबा, झाशीची राणी, एडिसनचा दिवा. निगमन शेवटी असतंच, बहुतेक वेळा हात जोडून. हेतूची पेन्सिल मात्र कोरीच राहते. आणि उपनय, म्हणजे ‘स्वयंपाकघरात होतं तेच इथे डोंगरावर लागू आहे का’ हे तपासणं, ते तर कोणी करतच नाही. एडिसनने हजार वेळा प्रयत्न केले म्हणून बारावीला तिसऱ्यांदा बसणाऱ्याने निराश होऊ नये, यात स्वयंपाकघर आणि डोंगर यांचा संबंध काय? लांबून दिसला तो धूरच होता की धुकं, हा प्रश्न त्याहून आधीचा.

‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ असं म्हणायचा मोह मला नाही. होतं ते पोथीत राहिलं आणि पोथी ठरावीक घरांत राहिली. उघड्यावर, धुळीत, ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यापुढे प्रश्न विचारत बोलण्याची रीत रुजवली ती गाडगेमहाराजांनी. त्यांच्या कीर्तनात श्रोते गप्प बसू शकत नसत. महाराज विचारायचे, माणसं उत्तर द्यायची, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघायचा, आणि नवसाला बोकड कापणं किंवा कर्ज काढून तेरावं घालणं यातली विसंगती श्रोत्याच्याच तोंडून बाहेर यायची. निष्कर्ष महाराजांनी सांगितलेला नसे, श्रोत्याने स्वतः काढलेला असे. तो घरी जाईपर्यंत टिकायचा.

आता मी ज्यांच्यासाठी हे पुस्तक लिहायला घेतलं त्या माणसाकडे येतो. गोपाळ कृष्ण गोखले. वक्त्यांच्या यादीत आपण त्यांना घेतो खरं, पण आदराने, जरा कंटाळून. टिळकांच्या आठवणी निघतात, सावरकर-अत्र्यांच्या निघतात, गोखल्यांच्या भाषणाची आठवण सांगणारं घर मला तरी भेटलं नाही. ते इंग्रजीत बोलत, आकडे सांगत, आणि बहुतांशी अशा सभागृहात बोलत जिथे त्यांचं म्हणणं मान्य होण्याची सोयच नव्हती. तरीही जबाबदारीने बोलणं म्हणजे काय हे ज्याला शिकायचं आहे, त्याने त्यांच्या आयुष्यातली पाच वर्षं पाहावीत. १८९७ ते १९०२.

१८९७ साली गोखले एकतीस वर्षांचे होते. हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते विलायतेला गेले होते. साक्ष उत्तम झाली. इकडे पुण्यात प्लेग होता आणि रँडच्या प्लेग कमिटीच्या हाताखाली गोरे सोल्जर घरोघर शिरून झडत्या घेत होते. पुण्याहून गोखल्यांना मित्रांची पत्रं जात होती. त्यांत सोल्जरांच्या दांडगाईच्या तक्रारी होत्या, आणि स्त्रियांवर अत्याचार झाल्याचंही लिहिलेलं होतं. पत्रं लिहिणारी माणसं विश्वासाची होती. गोखल्यांनी हे ‘मँचेस्टर गार्डियन’ या वृत्तपत्राला सांगितलं. तोवर, २२ जूनच्या रात्री, पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली होती. वातावरण पेटलेलं. विलायतेत गहजब झाला, सरकारने आरोप नाकारले आणि पुरावा मागितला. गोखले परतले, पुण्यात चौकशी केली, पण पुढे येऊन साक्ष द्यायला कोणी तयार होईना. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं त्यांनी उघड केली नाहीत. त्यांनी जाहीर माफी मागितली, तीही हातचं काही न राखता.

त्या माफीने त्यांना कोणीच जवळ केलं नाही. इंग्रजांच्या लेखी ते बदनामी करणारे ठरले आणि पुण्यात कच खाल्लेले. त्याच वर्षी डिसेंबरात अमरावतीला काँग्रेस भरली तेव्हा त्यांच्याकडे पाठ फिरवणारे अनेक होते.

हा प्रसंग मी शिबिरात सांगतो तेव्हा मुलं ताबडतोब दोन गट करतात. एक म्हणतो, पुरावा नव्हता तर बोलायचंच नव्हतं. दुसरा म्हणतो, माफी मागायला नको होती. (शाप की वरदान!) मला मात्र त्यात एकमेकांत गुंतलेले तीन वेगळे प्रश्न दिसतात. अत्याचार घडले का, हा एक. ते घडले असं म्हणायला गोखल्यांजवळ पुरेसा आधार होता का, हा दुसरा. आणि आधार नाही हे कळल्यावर काय करावं, हा तिसरा. पुरावा हाती न लागणं म्हणजे ती गोष्ट घडलीच नाही असं नव्हे. त्या काळात, त्या दहशतीत, घरच्या बाईवर काय गुदरलं हे सरकारी चौकशीपुढे कोण सांगणार होतं? म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर माफीने मिळत नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र स्पष्ट आहे: पत्र कितीही विश्वासू माणसाचं असलं तरी पत्र लिहिणाऱ्याने ते स्वतः पाहिलं की ऐकलं, हे गोखल्यांना ठाऊक नव्हतं. हे तीन प्रश्न सुटे करता येणं, याला मी चिकित्सक विचार म्हणतो. त्यासाठी हुशारी लागते त्यापेक्षा सबुरी जास्त लागते.

पाच वर्षांनी, मार्च १९०२ मध्ये, कलकत्त्याला केंद्रीय कायदे कौन्सिलात गोखल्यांनी अर्थसंकल्पावर पहिलं भाषण केलं. सरकारची तिजोरी शिलकीत होती आणि ती शिल्लक देशाच्या भरभराटीची खूण म्हणून दाखवली जात होती. लागोपाठ दोन मोठे दुष्काळ आणि प्लेग सोसलेल्या देशात भरभराट! एखाद्या वक्त्याने इथे हाडांचे सापळे उभे केले असते, आणि ते खोटंही ठरलं नसतं. गोखल्यांनी वेगळा प्रश्न विचारला. ही शिल्लक आली कुठून?

उत्तर रुपयाच्या भावात होतं. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी विलायतेत पौंडांत मोठी रक्कम भरावी लागे, कर्जाचं व्याज, पेन्शनी, इंडिया ऑफिसचा खर्च. चांदी घसरली तसा रुपया घसरत १८९४-९५च्या सुमारास तेरा पेन्सांवर आला. एका पौंडाचे २४० पेन्स. म्हणजे एक पौंड पाठवायला साडेअठराच्या आसपास रुपये लागू लागले. ही तूट भरायला सरकारने कर वाढवलेले होते. मिठावरचा कर तर १८८८ सालीच मणाला अडीच रुपये झाला होता. पुढे १८९३च्या नव्या नाणेधोरणामुळे रुपया चढला आणि सोळा पेन्सांवर स्थिरावला. आता एका पौंडाला पंधराच रुपये. पौंडामागे सुमारे साडेतीन रुपये वाचू लागले. कर मात्र तूट होती तेव्हाचेच राहिले. ती वाचलेली रक्कम म्हणजे शिल्लक. गोखल्यांचं म्हणणं असं, की हा दुहेरी अन्याय आहे. गरजेपेक्षा जास्त पैसा हलाखीतल्या लोकांकडून काढला जातो हा एक, आणि त्याच पैशाला त्या लोकांच्या समृद्धीचा पुरावा म्हणून दाखवलं जातं हा दुसरा.

या भाषणामागे सोलापूरच्या रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशींसारख्या आकडेतज्ज्ञाची मदत होती, आणि त्याआधी न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली काढलेली वर्षं. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी लिहिलेलं रानडे पुन्हापुन्हा तपासत. फर्ग्युसनमध्ये शिकवणाऱ्या, अंकगणिताचं पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्या माणसाला बेरीज जमणारच, असं कोणी म्हणेल. मला वाटतं १८९७चा चटका त्याहून मोठा शिक्षक होता. या भाषणातले आकडे मुख्यतः सरकारच्याच कागदपत्रांतले आहेत. समोरचा नाकारू शकणार नाही असाच आधार घ्यायचा, हे त्यांनी पोळल्यावर शिकून घेतलेलं दिसतं.

कौन्सिलात अर्थसंकल्पावर मतदान नव्हतं. बोलायचं आणि बसायचं. पुढे मिठावरचा कर १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. हे गोखल्यांच्या भाषणामुळे झालं, असं लिहायला माझा हात शिवशिवतो. पण एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली, असं म्हणणं म्हणजे याच पुस्तकाच्या सहाव्या प्रकरणात आरोपी म्हणून जाऊन उभं राहणं. शिल्लक तर होतीच, आणि मागणी करणारेही ते एकटे नव्हते. गोखले त्या दबावातला एक नेमका, न टाळता येणारा आवाज होते, इतकं म्हणायला हरकत नसावी.

दुसरा नमुना बहुतेक वाचकांना माहीत आहे, पण वेगळ्या कारणासाठी. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत केलेल्या भाषणाचा उत्तरार्ध आपण नेहमी ऐकतो, राजकीय समतेबरोबर सामाजिक विषमता नांदणार असल्याचा इशारा. त्याचा पूर्वार्ध फारसा कोणी वाचत नाही, कारण तो हिशेबाचा आहे. घटना करायला फार वेळ लागला, पैसा उधळला गेला, अशी टीका होती. नझीरुद्दीन अहमद या सभासदांनी ‘ड्राफ्टिंग कमिटी’ला ‘ड्रिफ्टिंग कमिटी’, म्हणजे भरकटलेली समिती, असं नाव ठेवलं होतं. कोटी चांगली होती. तिला कोटीने उत्तर देऊन टाळ्या घेणं बाबासाहेबांना अवघड नव्हतं.

त्यांनी आधी टीका पूर्ण मांडली. लागलेला वेळ स्वतःच मोजून सांगितला: दोन वर्षं, अकरा महिने, सतरा दिवस. मग इतर देश घेतले. अमेरिकेने चार महिन्यांत घटना केली, दक्षिण आफ्रिकेने वर्षभरात, कॅनडाला दोन वर्षं पाच महिने लागले, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं. अमेरिका आणि आफ्रिकेपेक्षा आपल्याला जास्त वेळ लागला हे त्यांनी उघड मान्य केलं. आणि तिथून पुढे गेले: त्या घटना किती कलमांच्या, आपली ३९५ कलमांची. त्यांच्यापुढे दुरुस्त्यांचा डोंगर नव्हता, आपल्याकडे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. हे सगळं झाल्यावर ते कोटीकडे वळले, आणि हाती सुकाणू असताना वाहणं व सुकाणूशिवाय वाहणं यांतला फरक सांगून तिला निरोप दिला. समितीने आपल्या चुका मान्य करून काही कलमं बदलली, हेही त्यांनी लपवलं नाही, उलट त्यात कमीपणा मानला नाही म्हणून समाधान व्यक्त केलं.

शास्त्रार्थात समोरच्याचं म्हणणं आधी मांडायचं, तेही त्याला ‘हेच मला म्हणायचं होतं’ असं वाटेल इतकं नीट, आणि मग आपला सिद्धान्त. त्या पहिल्या भागाला पूर्वपक्ष म्हणतात. या पुस्तकाचं नाव तिथून घेतलं आहे. माझ्या मते भाषणाची तयारी म्हणजे आपल्याच विरुद्ध, आपल्याच टेबलाशी बसून, प्रामाणिकपणे पूर्वपक्ष करणं. आपल्या स्पर्धांत ‘माझे प्रतिस्पर्धी मित्र म्हणतात’ अशी सुरुवात करून त्या मित्राच्या तोंडी जे घातलं जातं, ते त्या बिचाऱ्याने जन्मात म्हटलेलं नसतं. घोंगडी एकाची नऊ झालेली असते.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो: असं बोललं तर सभा झोपेल. कधीकधी झोपते, खरं आहे. पण भावना आणि विचार यांची अशी वाटणी मला मान्य नाही. आचार्य अत्रे ‘गेल्या दहा हजार वर्षांत असं झालं नाही’ म्हणत, तेव्हा शिवाजी पार्कवरच्या शेवटच्या माणसालाही ठाऊक असे की ही अत्र्यांची दहा हजार वर्षं आहेत. मोजायला कोणी बसत नसे. अतिशयोक्ती उघड्यावर, सर्वांच्या संमतीने चाललेली असे. उलट कोणी शांत, अभ्यासू आवाजात ‘एका सर्वेक्षणानुसार ७३ टक्के’ म्हणतो आणि ते सर्वेक्षण कोणी, कुठे, किती जणांचं केलं ते सांगत नाही, तेव्हा फसवणूक सुरू होते. अत्र्यांच्या दहा हजारांपेक्षा या ७३ची मला भीती वाटते. आकड्याला दशांश चिन्ह जोडलं की ती दुप्पट होते.

श्रोत्यांबद्दल थोडं बोललं पाहिजे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली आणि महाराष्ट्रभर, अगदी तालुक्याच्या गावापर्यंत, तिची भावंडं उभी राहिली. तिकीट न काढता, उन्हाळ्याच्या संध्याकाळी, व्याख्यान ऐकायला येणारा समाज ही आपली खरोखर मोठी कमाई आहे. पण बहुतेक ठिकाणी व्याख्यानानंतर येतं ते आभारप्रदर्शन. प्रश्नांसाठी चिठ्ठ्या घेतात तिथेही ‘वेळेअभावी दोनच प्रश्न’ हे ठरलेलं. वक्त्याला आपलं वाक्य कोणी उचलून बघणार आहे ही शक्यताच नसेल, तर तो ते वाक्य स्वतः तरी कशाला उचलून बघेल? मला माझा पाऊस मोजणारा माणूस भेटला तो त्या गावात प्रश्नोत्तरं ठेवली होती म्हणून नव्हे. तो न विचारता उठला म्हणून.

पुस्तकाची रचना सांगायची तर ती फार नीटनेटकी नाही. आवाज, श्वास, उभं राहणं यावर एकच छोटं प्रकरण आहे. त्यावर लिहिणारे माझ्याहून जाणकार लोक आहेत. अवतरणांची खातरजमा, आकड्यांची उलटतपासणी आणि ‘त्यामुळे’ हा शब्द या तिघांना मिळून अर्ध्याहून जास्त पानं गेली आहेत. ‘त्यामुळे’वर तर मी हट्टाने चाळीस पानं लिहिली. ग्रामसभेत बोलणाऱ्या सरपंच बाईंना, पालकसभेत उठणाऱ्या बापाला, बचत गटाच्या मेळाव्यात माईक हातात आलेल्या ताईंना स्पर्धेतल्या मुलांपेक्षा याचा जास्त उपयोग व्हावा अशी इच्छा आहे. त्यांच्या भाषणावर निर्णय अवलंबून असतात.

शेवटी एका मुलीबद्दल. जुन्नरच्या बाजूची, नववीतली. कार्यशाळेला भाषण लिहून आणलं होतं, विषय बिबट्या. पहिलंच वाक्य, ‘आमच्या भागात बिबट्यांची संख्या दुप्पट झाली आहे.’ मी तिला एवढंच विचारलं, “संख्या वाढली, की दिसणं वाढलं?” ती चिडली. तिच्या चुलत्यांचं वासरू महिन्याभरापूर्वीच गेलं होतं, तिला हा प्रश्न शहरी वाटला असणार. संध्याकाळी तिने घरी फोन लावला, मग शेजारी, मग आणखी दोन वस्त्यांवर. दुसऱ्या दिवशी तिचा कागद खाडाखोडीने भरला होता. आता सुरुवात अशी होती: ‘आमच्या वस्तीवर गेल्या वर्षी बिबट्या तीनदा दिसला, या वर्षी सात वेळा. पण या वर्षी दोन घरांवर कॅमेरे बसले आहेत, आणि सातपैकी चार वेळा तो फक्त कॅमेऱ्याला दिसला. पूर्वी रात्री किती वेळा येऊन जात होता ते आम्हाला माहीत नाही. ऊस मात्र पूर्वी विहिरीपर्यंत होता, आता घराच्या पायरीपर्यंत आला आहे.’ त्यानंतर वासरू. त्यानंतर तिची मागणी, पिंजऱ्याची नव्हे, शाळेच्या वाटेवरच्या दिव्यांची आणि वाटेकडेचा ऊस दहा फूट मागे घेण्याची.

तिने ते भाषण पुढे एका जिल्हास्तरीय स्पर्धेत केलं. उत्तेजनार्थही मिळालं नाही. परीक्षकांनी शेरा दिला होता, ‘विषयात ठामपणा हवा.’ ते भाषण या पुस्तकाच्या पहिल्या परिशिष्टात दिलं आहे, तिच्या परवानगीने, खोडलेल्या ओळींसकट.